विश्लेषण : इंजिन ऑइल नेमके कधी बदलावे? किलोमीटर मोजावेत की महिने?

सर्व्हिसिंगच्या काउंटरवर दोन तऱ्हेचे वाहनमालक नेहमी दिसतात. एक म्हणतो, ‘गाडी वर्षभरात अडीच हजार किलोमीटरही चालली नाही, मग ऑइल कशाला बदलायचे?’ दुसऱ्याच्या दुचाकीचे मीटर महिन्यालाच अडीच हजारांनी पुढे सरकते. पण गाडी एक दिवस उभी राहिली तरी रोजगार बुडतो, म्हणून तो ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो. दोघांचेही गणित चुकते. पहिल्याच्या गाडीतले ऑइल न चालताच खराब होत असते, तर दुसऱ्याच्या गाडीतले ऑइल खराब होण्याआधीच कमी होत असते. काही शे रुपयांच्या या पदार्थावर हजारो, कधी लाखभर रुपयांचे इंजिन अवलंबून असते. म्हणूनच डब्यावरचे आकडे, फिल्टर आणि बदलण्याची मुदत हे सारे समजून घेणे गरजेचे ठरते.

ऑइल इंजिनात काय काम करते?

ऑइल म्हणजे वंगण, हे उत्तर अर्धेच आहे. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो. त्याच्या बेअरिंगमध्ये धातू धातूला टेकू नये म्हणून मध्ये ऑइलचा थर असतो. हा थर अवघ्या काही मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ असतो. याशिवाय पिस्टनची उष्णता वाहून नेणे, रिंग आणि सिलिंडर यांच्यातली फट बुजवणे, काजळी व मळ स्वतःत धरून ठेवणे, आम्ल निष्प्रभ करणे आणि गंज रोखणे ही कामेही त्याचीच.

यासाठी डब्यात निव्वळ तेल नसते. मूळ तेलात, म्हणजे बेस ऑइलमध्ये, रसायनांचे मिश्रण घातलेले असते. त्यात मळ धुणारी, मळ तरंगत ठेवणारी, झीज रोखणारी, फेस होऊ न देणारी अशी अनेक रसायने असतात. ऑइल ‘संपते’ म्हणजे मुख्यतः ही रसायने खर्च होतात. बेस ऑइल दिसायला तसेच राहते, काम करणारा भाग मात्र निघून जातो.

‘५डब्ल्यू-३०’ या आकड्यांचा अर्थ काय?

अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेली ही दाटपणाची, म्हणजे व्हिस्कॉसिटीची श्रेणी आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत सहज वाहते. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन पूर्ण तापल्यावर ऑइल किती दाट राहते ते सांगतो. ३० पेक्षा ४० दाट आणि २० पातळ.

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, मग पहिल्या आकड्याशी आपला काय संबंध, असा प्रश्न पडू शकतो. पण इंजिनाच्या दृष्टीने आपली सकाळही थंडच असते. १५डब्ल्यू-४० प्रतीचे ऑइल १०० अंशाला जितके दाट असते, त्याच्या साधारण सात-आठ पट ते ४० अंशाला असते. गाडी सुरू केल्यावर हे दाट ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि झीज त्या काळात अधिक होते. पहिला आकडा लहान असलेले ऑइल तिथे लवकर पोहोचते.

उलट, ‘विदर्भातला उन्हाळा आहे, जाड ऑइल टाका’ हा सल्लाही तपासून घ्यावा. पाण्याने, म्हणजे कूलंटने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट तापमान ठरावीक पातळीवर ठेवतो. बाहेर ३० अंश असो वा ४५, आतल्या ऑइलच्या तापमानात तितका फरक पडत नाही. नव्या इंजिनांतल्या फटी, पंप आणि व्हॉल्व्हची यंत्रणा विशिष्ट दाटपणा गृहीत धरून बनवलेली असते. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतल्यास मायलेज घटते आणि थंड इंजिनात ऑइल उशिरा पोहोचते. जुन्या गाडीत फार पातळ ऑइल टाकल्यास थर टिकत नाही. गाडीसोबतच्या पुस्तिकेत एकाहून अधिक श्रेणी दिल्या असतील, तर निवड त्यांतूनच करावी.

एसपी, सीके-४ ही अक्षरे कशाची?

दाटपणा आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर्जासाठी ‘एपीआय’ म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची अक्षरे पाहावी लागतात. ‘एस’ने सुरू होणारी श्रेणी पेट्रोल इंजिनांसाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. पुढचे अक्षर जितके नंतरचे, तितके मानक नवे. पेट्रोलमध्ये ‘एसएन’ २०१० मध्ये, ‘एसपी’ २०२० मध्ये आणि ‘एसक्यू’ २०२५ मध्ये आले. डिझेलमध्ये ‘सीके-४’ २०१६च्या अखेरीस आले.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगात जास्त जोर लावला, तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकते आणि पिस्टनला तडा जाण्यापर्यंत मजल जाते. ऑइलमधील काही रसायनांमुळे हा धोका वाढतो, असे लक्षात आल्यावर मानक बदलले. एसपी श्रेणीत त्याची चाचणी आहे. त्यामुळे टर्बो पेट्रोल कारमध्ये ‘ग्रेड तोच आहे’ म्हणून जुन्या श्रेणीचे स्वस्त ऑइल टाकणे महागात पडू शकते.

कारचे उरलेले ऑइल दुचाकीत चालते का?

गिअरच्या मोटारसायकलमध्ये नाही. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या ऑइलमध्ये, विशेषतः पातळ श्रेणींत, इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायने असतात. ती क्लच प्लेटला घसरवतात. गाडी आवाज करते, पण ओढत नाही. म्हणून अशा दुचाकीसाठी डब्यावर ‘जासो’ या जपानी मानकाची ‘एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण असावी. स्कूटरचा क्लच मात्र ऑइलमध्ये नसतो, तो कोरडा असतो. तिथे ‘एमबी’ श्रेणीचे ऑइल चालते आणि अनेक कंपन्या तेच सुचवतात. स्कूटरचा हा डबा चुकून बाइकमध्ये रिकामा होणार नाही, एवढे पाहावे.

मिनरल, सेमी की सिंथेटिक?

मिनरल ऑइल कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. सिंथेटिकमध्ये रेणूंची रचना रासायनिक प्रक्रियेने अधिक एकसारखी केलेली असते. बाजारात ‘सिंथेटिक’ म्हणून विकले जाणारे पुष्कळसे ऑइलही कच्च्या तेलापासूनच, पण बरीच अधिक प्रक्रिया करून बनवलेले असते. ते उष्णतेत लवकर जळत नाही आणि थंडीत सहज वाहते. ‘सेमी’मध्ये दोन्हींचे मिश्रण असते; पण प्रमाण किती, याचे उत्तर डब्यावर बहुधा नसते.

टर्बो इंजिनाला सिंथेटिकचा फायदा निश्चित मिळतो. साध्या १०० सीसी बाइकला मात्र कंपनीने सांगितलेले मिनरल ऑइल वेळेवर बदलत राहणे पुरेसे असते. महागडे सिंथेटिक घालून मुदत दुप्पट ओढण्यापेक्षा योग्य श्रेणीचे साधे ऑइल वेळेवर बदलणे इंजिनाला अधिक मानवते.

न चाललेल्या गाडीचे ऑइल का खराब होते?

एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून निघून जाते. पण त्याचा थोडा अंश, न जळालेले पेट्रोल आणि आम्ल बनवणारे वायू रिंगच्या फटीतून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतात. इंजिन बराच वेळ तापलेले राहिले, तर हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते. तापलेच नाही, तर ते ऑइलमध्ये साठत राहते. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइलही तापले, असे नसते. त्याला अधिक वेळ लागतो.

आता एक साधा हिशेब पाहू. घरापासून चार किलोमीटरवरच्या कार्यालयात कारने जाऊन-येऊन ३०० दिवसांत होतात २,४०० किलोमीटर. पण थंड इंजिन सुरू होते ६०० वेळा. याउलट पुणे ते सातारा हे साधारण ११० किलोमीटरचे अंतर एका दमात कापणाऱ्या गाडीला १० हजार किलोमीटरसाठी जेमतेम ९० फेऱ्या लागतात. मीटर दुसऱ्या गाडीचे चौपट फिरले, पण ऑइलची दैना पहिल्या गाडीत अधिक. पावसाळ्यात अशा कमी चालणाऱ्या गाडीचे ऑइलचे झाकण उघडले, तर आत दुधाळ चिकट थर दिसतो, तो याच पाण्याचा. गाडी लांबवर फिरवल्यावर तो गेला, तर काळजी नको. डिपस्टिकवरही ऑइल दुधाळ दिसले किंवा कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

मग मुदत किती मानायची?

भारतात बहुतेक पेट्रोल कारसाठी १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातले जे आधी येईल ते, अशी मुदत दिलेली असते. दुचाकींसाठी ती मॉडेलनुसार साधारण तीन ते सहा हजार किलोमीटर असते. ‘जे आधी येईल ते’ हे चार शब्दच सर्वाधिक दुर्लक्षिले जातात. कमी चालणाऱ्या गाडीला वर्षाची अट लागू होते, किलोमीटरची नाही.

पुस्तिकेच्या मागच्या पानांवर अनेकदा ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असतो. वारंवार छोटे अंतर, वाहतूक कोंडीत तासन् तास चालू राहणारे इंजिन, धुळीचे रस्ते, घाट आणि जड ओझे हे सारे त्यात मोडते. शहरातल्या आणि ग्रामीण भागातल्या पुष्कळ गाड्यांचा रोजचा वापर हाच आहे. या तक्त्यात मुदत बरीच कमी, कधी निम्मी असते. दुसरीकडे, महामार्गावर धावणाऱ्या नव्या कारचे सिंथेटिक ऑइल ‘सुरक्षित राहावे’ म्हणून दर तीन हजारांना बदलणे म्हणजे चांगले ऑइल गटारात घालण्यासारखे आहे.

रोज १०० किलोमीटर फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या दुचाकीचे गणित आणखी वेगळे असते. १०० सीसी बाइकमध्ये ऑइल असते लिटरभर किंवा त्याहूनही कमी. त्यातले २०० मिलि जळाले, तर पाचवा हिस्सा गेला. उरलेले ऑइल अधिक तापते, लवकर झिजते आणि आणखी वेगाने जळते. अशा अनेक बाइकवर ऑइलचा दाब दाखवणारा दिवाही नसतो. टॅपेटचा आवाज वाढेपर्यंत उशीर झालेला असतो आणि मग इंजिनाचे काम निघते. अशा वापरात आठवड्यातून एकदा डिपस्टिक पाहणे आणि कमी असेल तेवढे त्याच प्रतीचे ऑइल घालणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

बीएस-६ डिझेल गाड्यांत वेगळे काय?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल कारच्या सायलेन्सर यंत्रणेत काजळी अडवणारा ‘डीपीएफ’ हा फिल्टर आला. काजळी साठली की गाडी जादा डिझेल सोडून तापमान वाढवते आणि ती जाळते. ही प्रक्रिया पूर्ण होण्याआधीच इंजिन पुन्हा पुन्हा बंद झाले, तर न जळालेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. परिणाम उलटा दिसतो. ऑइल कमी होण्याऐवजी वाढते. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली आणि डिझेलचा वास आला, तर खूश न होता ऑइल बदलून घ्यावे. पातळ झालेले ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही. शहरातच फिरणारी डिझेल कार अधूनमधून महामार्गावर सलग चालवावी, असे सांगतात ते यासाठीच.

दुसरी गोष्ट राखेची. काजळी जळून जाते. पण ऑइलमधील धातूयुक्त रसायनांची राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. डब्यावर युरोपीय ‘एसीईए’ मानकातील सी२, सी३ किंवा पुस्तिकेत दिलेली श्रेणी पाहावी. जुन्या डिझेल जीपसाठी आणलेला डबा इथे उपयोगाचा नाही.

फिल्टर प्रत्येक वेळी बदलावा का?

कारमध्ये, हो. जुन्या फिल्टरमध्ये पाव लिटरच्या आसपास जळके ऑइल अडकून राहते आणि ते नव्यात मिसळते. घड्या घातलेल्या कागदाचा हा फिल्टर तुंबला, तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे ऑइल न गाळताच पुढे जाते. चालकाला काहीच कळत नाही, कचरा मात्र बेअरिंगपर्यंत फिरत राहतो. फिल्टरमध्ये रबराची एक झडपही असते. ती गाडी बंद असताना ऑइल खाली उतरू देत नाही. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते आणि सकाळी सुरू करताना काही क्षण खडखड ऐकू येते. अनेक १०० सीसी बाइकमध्ये कागदी फिल्टरच नसतो. जाळी आणि फिरत्या गतीने कचरा बाजूला टाकणारी रचना असते. तिची सफाई पुस्तिकेतील वेळापत्रकानुसार करून घ्यावी लागते.

ऑइलच्या आयुष्यात एअर फिल्टरचा वाटाही मोठा आहे. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन सुमारे नऊ हजार लिटर हवा ओढते. खडी क्रशरजवळचा किंवा ऊसवाहतुकीचा कच्चा रस्ता असेल, तर त्या हवेबरोबर येणारी बारीक वाळू लोखंडापेक्षा कठीण असते. फाटलेल्या किंवा नीट न बसलेल्या एअर फिल्टरमधून ती आत गेली, की कितीही महाग ऑइल बोअर-पिस्टनला वाचवत नाही.

काळे ऑइल म्हणजे खराब ऑइल?

रंगावरून निदान होत नाही. डिझेल इंजिनात नवे ऑइल काही दिवसांतच काळे पडते. मळ धरून ठेवण्याचे काम ते करते आहे, एवढाच त्याचा अर्थ. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत काजळी कमी, त्यामुळे ऑइल बराच काळ स्वच्छ दिसते. पण उष्णतेने त्यातली रसायने खर्च होतच असतात. ‘अजून सोनेरी आहे’ म्हणून रिक्षा किंवा टॅक्सीचे ऑइल लांबवणे धोक्याचे आहे.

खरे निदान प्रयोगशाळेत होते. रेल्वेच्या डिझेल लोको शेडमध्ये इंजिन ऑइलचे नमुने नियमित तपासण्याची पद्धत आहे. लोखंडाचे प्रमाण वाढले, तर लायनर किंवा रिंग झिजते आहे. तांबे वाढले, तर बेअरिंगवर संशय. सिलिकॉन वाढले, तर धूळ आत शिरते आहे. इंजिन न उघडता त्याची प्रकृती कळते. मोठ्या संख्येने ट्रक-बस चालवणाऱ्यांना हा मार्ग परवडतो. एका कारच्या मालकासाठी वेळेवर ऑइल बदलणेच स्वस्त.

वाहनमालकाने स्वतः काय पाहावे?

कार सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेपलीकडे भरणेही वाईट, कारण क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाचा थर टिकत नाही. काही दुचाकींत डिपस्टिकचे आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. पुस्तिकेत तसे लिहिलेले असते. डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा सहसा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो चालत्या गाडीत लागला, तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. ‘गॅरेज दोन किलोमीटरवरच आहे’ म्हणून गाडी पुढे रेटल्यास इंजिन जाम होण्याची भीती असते.

सर्व्हिसिंगच्या बिलात ‘इंजिन फ्लश’ किंवा ‘ऑइल ट्रीटमेंट’ दिसले आणि कंपनीच्या वेळापत्रकात ते नसेल, तर नको म्हणता येते. ऑइलचा डबा आपल्यासमोर उघडायला सांगावा. सील, उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक आणि क्यूआर कोड तपासावा. रिकामा डबा सोबत घ्यावा किंवा त्याला भोक पाडावे. अखंड डबे पुन्हा भरून बनावट ऑइल विकले जाते. बिले जपून ठेवावीत, वॉरंटीचा दावा करताना तीच कामी येतात.

जुन्या ऑइलचे काय करावे?

‘जळके ऑइल’ म्हणून ते सेंट्रिंगच्या फळ्यांना, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून किंवा दुचाकीच्या साखळीला सर्रास लावले जाते. त्यात धातूंचे कण आणि घातक संयुगे असतात. त्वचेला ते अपायकारक आहे आणि गटारात किंवा मातीत गेले, तर विहिरीचे पाणी नासवते. २०१६च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. १ एप्रिल २०२४ पासून अशा तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. शुद्ध केल्यावर त्यापासून पुन्हा बेस ऑइल बनते. त्यामुळे घरी ऑइल बदलणाऱ्यांनी ते बंद डब्यात भरून, जुने ऑइल गोळा करून अधिकृत प्रक्रियेसाठी देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे.

थोडक्यात, डबा निवडण्याचे काम पुस्तिका करते आणि मुदत ठरवण्याचे काम रोजचा वापर. काउंटरवरच्या पहिल्या ग्राहकाने मीटरऐवजी कॅलेंडर पाहावे. दुसऱ्याने पुढच्या महिन्याची वाट न पाहता आज कामावर निघण्याआधी डिपस्टिक पाहावी. त्याला मिनिटभर पुरते.